पिवळे पान काय सांगते?
पिकांना सूक्ष्म अन्नद्रव्ये कमी पडली तर आणि जास्त झाली तर



पावसाळा निम्मा सरला की आपल्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "साहेब, संत्र्याची बाग पिवळी पडली. युरिया दिला, तरी हिरवी होत नाही. आता काय द्यावे?" कोणी सोयाबीनबद्दल लिहितो, कोणी धानाबद्दल, तर कोणी फुलकोबीबद्दल. पीक वेगळे असले तरी दुखणे एकच असते. पान पिवळे पडले, युरियाचे पोते फोडले, पैसा गेला आणि पान पिवळे ते पिवळेच राहिले.

याला आपल्याकडे म्हणतात, रोग रेड्याला नि औषध पखालीला! पान पिवळे पडण्याची कारणे अनेक आहेत. नत्र कमी पडणे हे त्यांतले फक्त एक. आपल्या नागपूर भागातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत बऱ्याच वेळा खरे कारण असते जस्त किंवा लोह यांची उणीव. ही उणीव ओळखायची कशी, भरून काढायची कशी, आणि भरून काढताना अतिरेक होऊ नये म्हणून काय जपायचे, हे या पत्रकात सांगितले आहे. बेसा, पिपळा, बेलतरोडी या बाजूला आता घरांची वस्ती वाढली, वावरे कमी झाली. ज्यांची दोन-चार एकरे उरली आहेत, त्यांना खताचा एकही रुपया वाया घालवून चालणार नाही.

थोडेसेच लागते, पण तेच अडते

पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश भरपूर लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक त्याखालोखाल लागतात. याशिवाय लोह, जस्त, मंगल म्हणजेच मँगेनीज, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अशी आठ अन्नद्रव्ये अगदी थोडी लागतात. म्हणून त्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणायचे. 'सूक्ष्म' हा शब्द त्यांच्या मात्रेचा आहे, महत्त्वाचा नव्हे.

किती थोडी, ते पाहा. धानाचे एक टन उत्पादन घ्यायचे तर पीक जमिनीतून सुमारे २० किलो नत्र उचलते. तेवढ्याच उत्पादनासाठी जस्त उचलते सुमारे ४० ग्रॅम. कुठे २० किलो आणि कुठे ४० ग्रॅम! पण हे ४० ग्रॅम मिळाले नाहीत, तर त्या २० किलो नत्राचा उपयोग पिकाला करता येत नाही. स्वयंपाकात मीठ असते तसे हे आहे. डाळ, तेल, मसाला सगळे आहे, पण मीठच नाही, तर भाजी अळणी. आणि मूठभर पडले, तर ताट बाजूला सारावे लागते.

ही द्रव्ये झाडात काय काम करतात? लोहाशिवाय पानातला हिरवा रंग तयार होत नाही. जस्ताशिवाय झाडातली वाढीची द्रव्ये नीट तयार होत नाहीत, म्हणून पाने लहान राहतात, पेरे आखूड होतात आणि झाड खुरटते. बोरॉनशिवाय वाढते टोक, फुलातले परागकण आणि फळधारणा बिघडते. मंगल आणि तांबे पानाच्या अन्न तयार करण्याच्या कामात लागतात. मॉलिब्डेनम नसेल, तर तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधू शकत नाहीत.

जमिनीत आहे, पण झाडाला मिळत नाही

आता कोणी विचारेल, "आमची काळी कसदार जमीन. तिच्यात लोह नाही, असे कसे होईल?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असते. पण पेवात धान्य भरलेले असून तोंडावर धोंडा असला, तर घरात उपासच ना? तसे होते.

हा धोंडा म्हणजे चुनखडी आणि वाढलेला सामू. जमीन आंबट की खारी, हे सामूवरून कळते. सात म्हणजे मध्यम. आपल्याकडच्या चुनखडीच्या भारी जमिनींचा सामू आठच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. अशा जमिनीत लोह, जस्त, मंगल आणि तांबे अविद्राव्य होऊन बसतात, म्हणजे पाण्यात विरघळत नाहीत. मुळी फक्त विरघळलेलेच अन्न पिऊ शकते. मॉलिब्डेनमचे मात्र उलट आहे. ते अशा जमिनीत मोकळे होते, म्हणून त्याची उणीव आपल्याकडे सहसा येत नाही.

दुसरा धोंडा पाण्याचा. भारी जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत साचलेल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते आणि लोहाची अडवणूक आणखी वाढते. म्हणून श्रावणात झड लागली की सोयाबीनचे खोलगट भागातले पीक पिवळे दिसते आणि उंचवट्यावरचे हिरवे. अशा ठिकाणी पहिला उपाय खताचा नाही, पाण्याचा आहे. चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा आला की बहुतेक वेळा पीक आपोआप हिरवे होऊ लागते. संत्र्याच्या बागेतही जास्त ओलितामुळे असेच होते.

तिसरा धोंडा आपण स्वतः ठेवतो. दरवर्षी डीएपीची पोती ओतत राहिले की जमिनीत स्फुरद साठते आणि जास्त स्फुरदामुळे पिकाला जस्त कमी पडू लागते. चौथे कारण सर्वांना ठाऊक आहे. ढोरे कमी झाली, शेणखत कमी झाले. शेणखतातून ही द्रव्ये थोडी थोडी परत मिळत आणि सेंद्रिय पदार्थांमुळे ती विरघळलेली राहत. तो आधार कमी झाला, आणि जास्त पीक देणाऱ्या जातींची उचल मात्र वाढली.

आणखी एक कारण आपल्या बाजूचे आहे. वावराला लागून बांधकाम झाले की धुऱ्यावर चुना-सिमेंटचा राडारोडा पडतो. सिमेंट आणि चुना दोन्ही खारी द्रव्ये आहेत. त्यांनी त्या पट्ट्याचा सामू वाढतो. धुऱ्याकडच्या चार-सहा तासांचेच पीक पिवळे दिसत असेल, तर आधी हे तपासा.

आधी पाहा : जुने पान की नवे?

झाडाची भाषा शिकायची तर पहिला धडा हा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू झाला, की वरच्या कोवळ्या पानांपासून?

नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात फिरती आहेत. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. घरात धान्य कमी असले की म्हातारी माणसे आपल्या ताटातले लेकरांना देतात, तसे. म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर आधी दिसते.

लोह, मंगल, बोरॉन, तांबे ही द्रव्ये एका जागी बसली की सहसा हलत नाहीत. कमी पडली की नव्या पानांची उपासमार होते आणि जुनी पाने हिरवी राहतात. जस्ताची उणीवही बहुतेक पिकांत वरच्या आणि मधल्या पानांवर दिसते. धान त्याला अपवाद आहे, ते पुढे सांगितले आहे.

तेव्हा खालची पाने एकसारखी पिवळी असतील, तर नत्राचा विचार करा. शेंड्याची पाने पिवळी आणि खालची हिरवी असतील, तर युरियाचे पोते तसेच राहू द्या.

कोणती खूण कशाची?

लोह : कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा होतो. पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची बारीक जाळी विणावी, तसे पान दिसते. उणीव वाढली की पान जवळजवळ पांढरे होते आणि शेंडा वाळतो. संत्रा, मोसंबी, सोयाबीन, भुईमूग, ऊस आणि कोरड्या जमिनीत पेरलेले धान यांत ही खूण दिसते.

जस्त : संत्र्याची नवी पाने लहान, अरुंद, टोकदार होतात आणि फांदीच्या टोकाशी झुबक्याने उभी राहतात. शिरांमध्ये पिवळे डाग येतात. फळ बारीक राहते. मक्यात कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे पडतात. धानात रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस, गंजासारखे ठिपके येतात, चूड खुरटते आणि बांधीत पीक एकसारखे वाढत नाही.

धानाच्या या दुखण्याची हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उत्तर प्रदेशाच्या तराई भागात, आज उत्तराखंडात असलेल्या पंतनगर परिसरात, याला 'खैरा रोग' म्हणत. पान कातासारखे तांबूस होई, म्हणून खैरा. डॉ. य. ल. नेने हे वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ. १९६६ साली त्यांनी दाखवून दिले की खैऱ्यामागे बुरशी नाही की जंतू नाही; हा जस्ताच्या उणिवेचा परिणाम आहे. झिंक सल्फेट आणि चुना यांची फवारणी हा त्यावरचा उपाय ठरला. रोगासारखे दिसणारे प्रत्येक दुखणे रोगच असते असे नाही, हे त्यातून देशभरच्या शेतीला कळले. रामटेक, मौदा आणि पुढे भंडाऱ्याकडच्या धान उत्पादकांनी ही खूण डोळ्यांत ठेवावी.

मंगल : लोहासारखेच, पण फरक आहे. शिरांच्या कडेने हिरवा पट्टा रुंद असतो आणि पिवळेपणा फिकट असतो. पानाचा आकार मात्र नेहमीएवढाच असतो. पान लहान झाले असेल, तर जस्ताकडे बोट दाखवा.

बोरॉन : वाढता शेंडा मरतो आणि बाजूने फुटवे येतात. पान जाड आणि ठिसूळ होते, मुठीत चुरडले की मोडते. फुलकोबीचा गड्डा तपकिरी पडतो आणि दांडा आतून पोकळ होतो. पपईचे फळ खडबडीत, वेडेवाकडे होते. भुईमुगाचा दाणा आतून पोकळ आणि काळसर निघतो. कपाशीची पात्या-फुले गळतात. संत्र्याचे लहान फळ टणक होऊन त्यात डिंक दिसतो.

तांबे : आपल्या काळ्या जमिनीत ही उणीव क्वचित येते. आली तर कोवळ्या फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

फसवणाऱ्या खुणा

सोयाबीनचे पान पिवळ्या-हिरव्या ठिगळांचे, शिरांचा धरबंद नसलेले दिसत असेल, आणि अशी झाडे वावरात इथे-तिथे विखुरलेली असतील, तर तो पिवळा मोझॅक आहे. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. लोह फवारून तो जाणार नाही. रोगट झाडे उपटा आणि माशीचा बंदोबस्त करा. लोहाची उणीव असेल तर ती सहसा सलग पट्ट्यात, खोलगट किंवा चुनखडीच्या भागात दिसते.

पऱ्हाटीचा लाल्या हाही सूक्ष्म अन्नद्रव्यांचा नव्हे. त्यामागे बहुधा मॅग्नेशियम आणि नत्राची उणीव, पाण्याचा ताण आणि रात्रीचा गारवा ही कारणे असतात.

आणि संत्र्याचे एकच झाड पिवळे, बाकी बाग हिरवी, असे असेल तर बुंध्यापाशी खणून मुळी पाहा. साल कुजली असेल किंवा डिंक वाहत असेल, तर दुखणे मुळाला आहे, पानाला नाही.

अति तेथे माती

उणिवेबद्दल आपण ऐकतो, पण अतिरेकाबद्दल कोणी बोलत नाही. युरिया थोडा जास्त पडला तर पीक माजते, पण निभावते. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे तसे नाही. पुरेसे आणि जास्त यांच्यामधला धुरा फार अरुंद असतो.

सर्वांत अरुंद धुरा बोरॉनचा. बोरॉन पाण्याबरोबर पानात चढते. पाणी पानातून उडून जाते आणि बोरॉन टोकाशी, कडांना साठत राहते. म्हणून अतिरेकाची खूण जुन्या पानांवर दिसते : टोक पिवळे, मग कडा करपलेल्या, मग पानगळ. संत्रा आणि लिंबू ही बोरॉनला फार हळवी झाडे आहेत. ओलिताच्या पाण्यात दशलक्ष भागांत एक भाग बोरॉन असले, तरी ते त्यांना बाधू शकते. कपाशी त्याच्या कितीतरी पट सोसते. म्हणजे शेजारच्याने पऱ्हाटीला जेवढे टाकले, तेवढे तुम्ही बागेत टाकले तर घात होऊ शकतो. भुकटी तीच, पण झाड वेगळे.

जस्त आणि तांबे यांचा अतिरेक मुळावर बसतो. मुळी आखूड, जाड, तपकिरी होते, तंतुमुळे फुटत नाहीत आणि लोहाची उचल थांबते. मग पान दिसते लोहाच्या उणिवेसारखे पिवळे! शेतकरी म्हणतो, आणखी सूक्ष्म अन्नद्रव्ये द्या. दुकानातले मिश्रण पुन्हा पडते, त्यात पुन्हा जस्त आणि तांबे असते, आणि दुखणे वाढते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात लिंबूवर्गीय बागांचे असेच झाले. तिथल्या बागांना वर्षानुवर्षे तांब्याची खते आणि तांब्याचे फवारे मिळत गेले. तांबे वाहून जात नाही, मातीच्या वरच्या थरात साठते. शेवटी मुळ्या खुंटल्या आणि झाडे लोहाअभावी पिवळी पडली. तिथली जमीन रेताड आणि आंबट होती. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तांबे जास्त घट्ट बांधले जाते, म्हणून धोका कमी. पण कमी म्हणजे नाहीच, असे नव्हे. डिंक्यासाठी बोर्डो मिश्रण जरूर वापरा, बुंध्याला बोर्डो मलम लावा, ते आवश्यकच आहे. मात्र उरलेले मिश्रण दरवर्षी त्याच झाडाच्या आळ्यात ओतू नका.

शहराच्या सांडपाण्यावर भाजीपाला घेणाऱ्यांनीही सावध असावे. त्या पाण्यात नत्र असते, पीक हिरवेगार दिसते. पण कारखान्यांचे पाणी मिसळले असेल, तर जस्त-तांब्याबरोबर शिसे आणि कॅडमियमही येते. ते पिकाच्या कामाचे नाही आणि खाणाऱ्याला अपायकारक आहे. अशा जमिनीत वरून सूक्ष्म अन्नद्रव्ये देण्याआधी माती तपासल्याशिवाय राहू नका.

लोहाच्या अतिरेकाने पाने तांबूस होणे हे दुखणे आंबट, पाणी साचणाऱ्या धानाच्या जमिनीतले, कोकणासारख्या भागातले आहे. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत त्याची चिंता नको.

एका फांदीचा पडताळा

खुणा पाहून अंदाज बांधला. आता खर्च करण्याआधी खात्री करून घ्या. याला पैसा जवळजवळ लागत नाही.

संत्र्याच्या दोन-तीन झाडांवर नवतीची एकेक फांदी निवडून तिला चिंधी बांधा. एका फांदीवर लोहाचे द्रावण फवारा, दुसरीवर जस्ताचे, तिसरीवर नुसते पाणी. आठ-दहा दिवसांनी पाहा. लोह फवारलेल्या फांदीच्या पानांवर हिरवे ठिपके किंवा हिरवेपणा आला, तर उणीव लोहाची. जस्ताचा परिणाम जुन्या लहान पानांवर शोधू नका. लहान पान मोठे होत नाही. पुढची नवती मोठ्या पानांची येते का, ते पाहा. कुठेच फरक पडला नाही, तर कारण दुसरे आहे. पाणी, मुळी किंवा रोग पाहा. सोयाबीन, धान, भाजीपाला यांत चार तास फवारा आणि शेजारचे चार तास तसेच ठेवा.

माती आणि पान तपासणी

माती तपासणीला पर्याय नाही. १९ फेब्रुवारी २०१५ पासून देशात मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तिच्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासून मिळतात. त्यांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांबरोबर जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन ही पाच सूक्ष्म अन्नद्रव्येही आहेत. पत्रिका घरात खुंटीला टांगलेली असेल तर काढून वाचा. जस्त दशलक्ष भागांत ०.६, लोह ४.५, मंगल २, तांबे ०.२ आणि बोरॉन ०.५ भागांपेक्षा कमी असेल, तर ती उणीव समजावी. आकडा याच्या बराच वर असेल, तर ते खत जमिनीतून देण्याचे कारण नाही.

नमुना घेताना या गोष्टी पाळा :

१. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा, सुमारे २० सेंटिमीटर म्हणजे वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत माती घ्या.

२. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना लाकडी खुरप्याने किंवा कामटीने घ्या. माती लोखंडी घमेल्यात किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत मिसळू नका. बादलीचे जस्त मातीत उतरते आणि अहवाल खोटा येतो. प्लास्टिकचे घमेले किंवा स्वच्छ कापड वापरा. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती पसरू नका.

३. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असे करा आणि सावलीत वाळवा.

४. धुऱ्याजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका. पिवळ्या आणि हिरव्या भागाचे नमुने वेगवेगळे द्या. दोघांची तुलनाच खरे कारण सांगते.

५. बागेसाठी पानांचाही नमुना द्या. संत्र्याच्या फळ नसलेल्या फांदीवरचे, शेंड्याकडून दुसरे ते चौथे, साधारण सहा-सात महिने वयाचे पान घ्यावे.

आपण नागपूरकर याबाबतीत सुदैवी आहोत. कापूस, लिंबूवर्गीय फळे आणि मृदा सर्वेक्षण या तिन्ही विषयांच्या केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच शहरात आहेत. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नमुना कुठे द्यायचा ते सांगतील.

द्यायचे किती आणि कसे?

जस्त : तपासणीत उणीव आली तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट पेरणीपूर्वी शेणखतात मिसळून द्या. भारी जमिनीत एकदा दिलेले दोन-तीन वर्षे पुरते, दरवर्षी देऊ नका. डीएपीबरोबर मिसळू नका, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. पीक उभे असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना घेऊन फवारा. चुना वेगळ्या भांड्यात भिजवून, निवळी गाळून मग मिसळा, नाहीतर पान करपेल.

लोह : चुनखडीच्या जमिनीत टाकलेले हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, थोड्याच दिवसांत पुन्हा अडकून पडते. द्यायचेच तर एकरी १० किलो हिराकस शंभर किलो ओलसर शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. त्यापेक्षा फवारणी बरी : १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. ताजे हिरवट हिराकस घ्या. तांबूस झालेले असेल तर त्यातले लोह निकामी झालेले असते. जमिनीतून देण्यासाठी चिलेटेड लोह घेणार असाल तर पाकीट वाचा. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही. अशा मातीत ईडीडीएचए टिकते. ते महाग असते, म्हणून फांदीचा पडताळा केल्याशिवाय घेऊ नका.

बोरॉन : तपासणीशिवाय देऊच नका. उणीव असेल तर एकरी २ किलो बोरॅक्स, भरपूर शेणखतात किंवा मातीत मिसळून सारखे पसरा. फवारायचे असेल तर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम बोरिक आम्ल. मुठीने, डब्याच्या झाकणाने किंवा अंदाजाने मोजू नका. गावातल्या किराणा दुकानात तराजू असतो, तिथे तोलून पुड्या बांधून आणा.

फवारणी सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करा. संत्र्याला नवतीची पाने पूर्ण वाढण्याच्या थोडे आधी फवारणी लागू पडते. पक्के, जाड झालेले पान द्रावण फारसे शोषत नाही.

आणि या सगळ्याखाली पाया शेणखताचा. हिरवळीचे खत, काडीकचरा कुजवणे आणि पाण्याचा निचरा, यांनी पेवाच्या तोंडावरचा धोंडा हळूहळू हलतो. फवारा हा या हंगामाचा उपाय आहे, सेंद्रिय खत हा जमिनीचा.

ध्यानात ठेवा

• पान पिवळे दिसले की आधी विचारा, जुने की नवे?
• पाणी साचले असेल तर आधी निचरा, मग खत.
• एका फांदीवर किंवा चार तासांवर पडताळा घ्या, मग पूर्ण वावराला खर्च करा.
• अहवालात जे कमी आहे तेवढेच द्या. सगळे एकत्र असलेले मिश्रण डोळे झाकून टाकू नका.
• बोरॉन तोलून द्या.
• जस्त दिल्याचे साल मृदा पत्रिकेच्या मागे लिहून ठेवा.

हे पत्रक घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. खुरपणीला वावरात जाणाऱ्या आयाबहिणींना पानावरची खूण सगळ्यांत आधी दिसते. शंका असेल तर पत्रात पिकाचे नाव, जमिनीचा प्रकार, पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे आणि आतापर्यंत काय काय दिले, एवढे अवश्य लिहा. नुसते 'पीक पिवळे पडले' एवढे लिहिले तर उत्तर देणे अवघड जाते.